दोन सेटमधली तीन मिनिटे

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्या पदकामागची एक हकिगत मात्र कमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपवून खाशाबा मॅटवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण त्यावर बोट ठेवून भांडायला भारतीय पथकातले कोणी तिथे हजर नव्हते, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगत आले आहेत. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाला कांस्य मिळाले. अर्धा तास मिळाला असता तर निकाल बदलला असता का, हे कोणीच सांगू शकणार नाही. पण नियम लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पक्की कळलेली होती. दमलेल्या माणसाची ताकद कुठे गेलेली नसते, फक्त त्या घटकेला ती त्याच्या हाताशी नसते. ताकद वाढवण्यासाठी जो कोणी वजन उचलतो, त्याच्या बाबतीत हेच रोज, प्रत्येक सेटला घडत असते.

बीड जिल्ह्यात केजसारख्या तालुक्याच्या गावी हा विषय हौसेचा राहिलेला नाही, तो पोटापाण्याचा झाला आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. म्हणजे ५० पैकी ३० गुण, शंभर मीटरचे आणि गोळ्याचे, असे आहेत की जिथे दम पुरेसा नाही, झटक्यात लावायची ताकद लागते. त्या ताकदीसाठी पोरे जोर काढतात, बैठका मारतात, जिममध्ये वजन उचलतात, आणि हे करताना बहुतेकांच्या मनात एकच माप असते: किती घाम आला, पाय किती थरथरले, दुसऱ्या दिवशी जिना चढता आला की नाही. दोन सेटच्या मध्ये बसलेला मुलगा आळशी ठरतो आणि न थांबता करणारा मेहनती. माझे म्हणणे असे की हे माप चुकीचे आहे, आणि ज्यांच्याकडे तयारीला मोजकेच महिने असतात त्यांचे ते सर्वांत जास्त नुकसान करते. ताकद वाढवायची असेल तर दोन सेटमधला थांबा हा व्यायामाचाच भाग आहे आणि वजन मोजतो तितक्याच काटेकोरपणे तो मोजला पाहिजे.

स्नायूला जोरदार आणि थोडा वेळ चालणाऱ्या कामासाठी लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. स्नायूत तिचा साठा काही सेकंद पुरेल इतकाच असतो. तो संपत आला की शेजारचे क्रिएटिन फॉस्फेट लगेच नवे एटीपी तयार करून देते, पण तेही आठ-दहा सेकंदांच्या जोरकस कामात बरेचसे खर्ची पडते. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला विहिरीइतके चांगले उदाहरण नाही. उन्हाळ्यात मोटर चालू केली की पहिली काही मिनिटे धार जोरात पडते, मग तळ लागतो आणि पाइप हवा ओढू लागतो. तेव्हा शहाणा माणूस मोटर बंद करतो आणि झऱ्यांना वेळ देतो. स्नायूतले क्रिएटिन फॉस्फेट असेच भरून येते. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात निम्म्याच्या आसपास, आणि जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे. शिवाय जोरात काम झाल्यावर स्नायूत आम्लता वाढते आणि मेंदूकडून स्नायूकडे जाणारा हुकूमही काही काळ क्षीण होतो. तीस सेकंदांत पुन्हा बार उचलणारा माणूस अर्ध्या भरलेल्या विहिरीवर मोटर चालू करतो. धार पडते, पण पहिल्यासारखी नाही.

याचा हिशेब कागदावर मांडला की फरक डोळ्यांत भरतो. समजा, एखादा मुलगा ६० किलोचा बार खांद्यावर घेऊन आठ बैठका मारू शकतो. तीन मिनिटे थांबून त्याने तीन सेट केले आणि ८, ८, ७ अशा बैठका झाल्या, तर एकूण २३ बैठका, म्हणजे १,३८० किलोचे काम. तोच मुलगा अर्धा मिनिट थांबला आणि ८, ५, ३ वर आला, तर १६ बैठका, ९६० किलो. दुसऱ्या दिवशी तो जास्त थकलेला असेल, स्वतःवर जास्त खूशही असेल, पण स्नायूवर पडलेला भार जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी असेल. शेवटच्या तीन बैठकांत कंबर वाकलेली आणि गुडघे आत पडलेले असतील ते वेगळेच. काही जण यावर उपाय म्हणून वजन कमी करतात. ६० चे ४० केले की अर्ध्या मिनिटाच्या थांब्यातही आठ-आठ होतात. पण मग तो व्यायाम ताकदीचा उरत नाही, दमाचा होतो.

हा भेद ज्याने वैद्यकशास्त्राच्या गळी उतरवला तो अमेरिकी लष्करातला डॉक्टर होता, थॉमस डीलॉर्म. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या सैनिकांची गर्दी होती आणि हलके वजन पुष्कळ वेळा उचलण्याच्या जुन्या पद्धतीने ते लवकर बरे होत नव्हते. डीलॉर्मने उलटे केले: वजन जड, उचल कमी, आणि जमेल तसे दर आठवड्याला वजन वाढवत नेणे. १९४५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले तेव्हा त्याच्या पद्धतीत दहा-दहा उचलींचे सात ते दहा सेट होते. यातला सर्वांत बोलका भाग पुढचा आहे. अनुभवाने त्याला कळले की एवढे सेट लागतच नाहीत. १९४८ मध्ये त्याने वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर नवा आराखडा मांडला, त्यात फक्त तीन सेट होते: दहा वेळा उचलता येईल अशा वजनाचा पहिला सेट निम्म्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण वजनाने. शंभरापर्यंत जाणारी उचल तिसावर आली आणि सैनिक बरे होतच राहिले. पुढे १९६२ मध्ये रिचर्ड बर्गरने महाविद्यालयीन मुलांचे नऊ गट करून बारा आठवडे बेंच प्रेस करून घेतला. कोणाला एक सेट, कोणाला दोन, कोणाला तीन. उचली दोन, सहा किंवा दहा. सहा-सहा उचलींचे तीन सेट करणारे सर्वांत पुढे गेले. अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी २००९ मध्ये झाली, तेव्हा एका सेटच्या तुलनेत दोन-तीन सेट करणाऱ्यांची ताकद सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक वाढलेली दिसली. म्हणजे एका सेटवर भागत नाही. पण दहाचीही गरज नाही. मोजके, जड आणि नीट केलेले सेट हवेत. आणि तिसरा सेट पहिल्याइतकाच नीट व्हावा, यासाठी लागतो तो थांबा.

थांब्याचे थेट प्रयोगही झाले आहेत. १९९५ मध्ये रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी सराव असलेल्या ३३ तरुणांकडून पाच आठवडे एकच कार्यक्रम करून घेतला, फरक फक्त थांब्याचा ठेवला. तीन मिनिटे थांबणाऱ्यांची स्क्वॉटमधली कमाल ताकद ७ टक्क्यांनी वाढली, अर्धा मिनिट थांबणाऱ्यांची २ टक्क्यांनी. २०१६ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड यांच्या गटाने २१ तरुणांवर आठ आठवडे एक मिनिट विरुद्ध तीन मिनिटे अशी तुलना केली आणि स्क्वॉट व बेंच प्रेस या दोन्हींत तीन मिनिटेवाले पुढे गेले. थोडे थांबले की शरीरातली संप्रेरके खवळतात आणि स्नायू फुगतात, असे जिममध्ये वर्षानुवर्षे सांगितले गेले. या प्रयोगात मांडीच्या स्नायूची जाडीही जास्त थांबणाऱ्यांचीच अधिक वाढली. मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात २३ अभ्यास तपासले गेले, त्यात असे दिसले की एक मिनिटाहून कमी थांबूनही ताकद बऱ्यापैकी वाढते. नवशिक्याला तर एक ते दोन मिनिटे पुरतात; दोन मिनिटांहून अधिक थांब्याची गरज मुख्यतः मुरलेल्याला असते. पहिल्याच महिन्यात डंबेल हातात घेतलेल्या पोराने तीन मिनिटांवरून वाद घालू नये. पण सहा-आठ महिने झाले, वजन वाढले, आणि मग वाढणे थांबले, तर सर्वांत आधी त्याने आपले घड्याळ तपासावे.

या मतावरचा सर्वांत वजनदार आक्षेप प्रयोगशाळेतूनच आलेला आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात रूनी आणि सहकाऱ्यांनी दोन गटांकडून सहा आठवडे हाताचा एकच व्यायाम, तितक्याच वजनाने आणि तितक्याच वेळा करून घेतला. एक गट सलग करत होता, दुसरा प्रत्येक उचलीनंतर तीस सेकंद थांबत होता. सलग करणाऱ्यांची ताकद ५६ टक्क्यांनी वाढली, थांबणाऱ्यांची ४१ टक्क्यांनी. म्हणजे थकव्यातच काहीतरी आहे, असा निष्कर्ष निघाला, आणि तो खोटा नव्हता. पण त्या प्रयोगात थांबणाऱ्यांना तेवढेच वजन आणि तेवढ्याच उचली दिल्या होत्या. थांबल्यामुळे जे जास्तीचे काम करता आले असते, ते त्यांना करू दिले नव्हते. विहिरीला पाझरायला वेळ दिला आणि आलेले पाणी उपसलेच नाही, असा तो प्रकार झाला. पुढे २००२ मध्ये फॉलंड आणि सहकाऱ्यांनी मांडीच्या व्यायामावर नऊ आठवडे अशीच तुलना केली, तेव्हा दमवणारी आणि न दमवणारी अशा दोन्ही पद्धतींनी शेवटी ताकद सारखीच वाढली. २०१७ चा स्पेनमधला पारेहा-ब्लांको यांचा प्रयोग तर भरतीच्या उमेदवाराने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. एका गटाने उचलण्याचा वेग २० टक्क्यांनी मंदावला की सेट थांबवायचा, दुसऱ्याने ४० टक्क्यांनी मंदावेपर्यंत रेटायचे. आठ आठवड्यांनी स्क्वॉटची ताकद दोन्ही गटांत जवळपास सारखीच वाढलेली होती, आणि लवकर थांबणाऱ्यांनी तर पुष्कळ कमी उचली केल्या होत्या. जागेवरून वर मारायच्या उडीत मात्र लवकर थांबणारे ९.५ टक्क्यांनी सुधारले, रेटणारे साडेतीन टक्क्यांनी. गोळा फेकताना आणि शंभर मीटरला सुटताना लागते ती हीच झटक्याची ताकद.

दुसरा आक्षेप तालमीतून येतो. आपल्याकडे पैलवान शेकड्याने जोर काढत आले, हजारांनी बैठका मारत आले, त्यांना कोणी तीन मिनिटे मोजून दिली? यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. सलग जोर-बैठकांनी मिळतो तो दम आणि चिवटपणा, आणि कुस्तीला दोन्ही लागतात. तालमीने ताकदीसाठी वेगळी साधने ठेवलीच होती. अनेक गावांत मारुतीच्या देवळापुढे दगडी गोटा असायचा. तो कोणी सलग शंभर वेळा उचलत नसे. एकाने उचलायचा, मग दुसऱ्याची पाळी, तिसऱ्याची, आणि तोवर पहिला पारावर बसून अंग सैल सोडायचा. पाळीच्या त्या रिवाजातच थांबा बसवलेला होता. आजच्या जिममध्ये तोच थांबा मोबाइलवरच्या गप्पांत जातो किंवा लाजेपोटी टाळला जातो.

केज तालुक्यात तर याहून जवळचा एक आक्षेप ऐकू येईल. ऊसतोडीला जाणारी माणसे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकच्या कारखान्यांवर जातात, पहाटेपासून कोयता चालवतात, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात. त्यांच्याइतके कणखर कोण आहे? कोणी नाही. पण तो कणखरपणा कमाल वजनाच्या बराच खाली असलेले काम हजारो वेळा करण्याचा आहे, आणि शरीर जे करायला लावाल त्यातच तरबेज होते. गोळा आठ मीटरपलीकडे टाकण्याची ताकद मोळ्या वाहून येत नाही. आणि त्या कामाला विश्रांती नसते ती सोयीने नाही, नाइलाजाने. एक दिवस पालावर पडून राहिले तरी खाडा कापला जातो. कंबर आणि गुडघे त्याची किंमत पुढे कित्येक वर्षे चुकवत राहतात. ज्या आईबापांना थांबण्याची मुभाच मिळाली नाही, त्यांच्या मुलांनी न थांबण्याला मोठेपणा समजावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मैदानात, कुस्तीत विश्रांती कुठे असते, असेही विचारले जाईल. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये अवघी तीस सेकंदे. याच जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य मिळवले, ते अशाच लढती लढून. थकव्यात लढण्याची तयारी करायलाच हवी. पण ती वेगळ्या वेळी, वेगळ्या हेतूने. धावणाऱ्यांना ही विभागणी केव्हाच पटलेली आहे. ठरावीक अंतर जोरात धावायचे, ठरावीक वेळ सावरायचे, पुन्हा धावायचे, हा जगभरच्या मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंचा नेहमीचा सराव आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले ती शर्यत ८ मिनिटे १९.५० सेकंदांची, सलग. तिची तयारी मात्र कोणी रोज सलग शर्यत धावून करत नाही. दम आणि ताकद एकाच दिवशी एकाच अंगातून ओरबाडू पाहणाऱ्याला १९८० चा रॉबर्ट हिक्सनचा प्रयोग ठाऊक असावा. त्याने एका गटाकडून दहा आठवडे जड वजने आणि कठोर धावणे-सायकलिंग दोन्ही करून घेतले. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ताकद वाढली, मग अडली, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उतरू लागली. म्हणून १६०० मीटरचा जोरदार सराव आणि जड बैठका शक्यतो वेगवेगळ्या दिवशी ठेवाव्यात. एकाच दिवशी करायचे झाल्यास मध्ये काही तास जाऊ द्यावेत, आणि त्याच स्नायूंना पुन्हा जड काम देण्याआधी दोन दिवसांचे अंतर ठेवावे.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. सकाळी शेतात किंवा दुकानावर जाणाऱ्या मुलाकडे तासभरच असतो. पाच व्यायामांचे तीन-तीन सेट आणि प्रत्येकानंतर तीन मिनिटे, असे केले तर पाऊण तास थांबण्यातच जाईल. यावर दोन तोडगे आहेत. एक, पूर्ण थांबा फक्त जड आणि मोठ्या व्यायामांना द्यावा: स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संघटनेने २००९ मध्ये हेच सुचवले आहे, मोठ्या व्यायामांना दोन ते तीन मिनिटे, छोट्यांना एक ते दोन. दुसरा, विरुद्ध स्नायूंची जोडी लावावी. छातीचा सेट झाला की छाती विसावत असताना पाठीचा सेट करावा. वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो आणि ताकदीचे फारसे नुकसान होत नाही. गोळाफेकीसाठी तिसरीही एक पद्धत आहे, सेटच्याच आत छोटे थांबे घेण्याची: सहा उचली सलग न करता दोन, पंधरा-वीस सेकंद थांबा, पुन्हा दोन, पुन्हा थांबा, पुन्हा दोन. याने एकूण ताकद नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त वाढते असे अभ्यासांत दिसलेले नाही, पण प्रत्येक उचल झपाट्याने होते, आणि झपाट्याचाच सराव करायचा असेल तर ते मोलाचे आहे. जिम नसेल तर वाळूची पिशवी घ्यावी. नियम तेच राहतात.

केज आणि आसपासच्या गावांत भरतीची तयारी करून घेणाऱ्या मार्गदर्शकांना म्हणून एक विनंती. शिट्टी तुमच्या गळ्यात असतेच, तिच्या जोडीला घड्याळ ठेवा. जड सेट झाल्यावर मुलामुलींना बसू द्या, श्वास मार्गावर येऊ द्या, आणि तीन मिनिटे झाली की तुम्हीच शिट्टी वाजवून उठवा. महिनाभर प्रत्येकाच्या वहीत तिन्ही सेटचे आकडे लिहा आणि गोळ्याचे अंतर टेपने मोजत राहा.